परतवाड्याच्या पुढे, गाडीतून उतरून

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला एक निळसर भिंत दिसू लागते. वऱ्हाडच्या सपाट काळ्या जमिनीवर वाढलेल्या डोळ्यांना ती प्रथम ढगाची कड वाटते. परतवाडा जवळ आले की तिच्या घड्या, कडे आणि झाडी वेगवेगळी ओळखू येतात. ही सातपुड्याची गाविलगड रांग होय. पूर्णेच्या गाळाचे मैदान जिथे संपते तिथेच ती जवळजवळ सरळ उभी राहते, आणि म्हणून तिच्यावर चढणाऱ्या प्रत्येक रस्त्याला घाटाची वळणे घ्यावी लागली आहेत.

या रस्त्यांवरून अमरावती-अकोल्याची जैन व्यापारी कुटुंबे वर्षातून एकदोनदा जातातच. मुक्तागिरीची वंदना असते. बाहेरगावचे पाहुणे आले की चिखलदरा असतो. अकोल्याकडील मंडळींना नरनाळा निदान ऐकून तरी ठाऊक असतो. मात्र बहुतेक सहलींचा साचा एकच आहे. पहाटे निघायचे ठरते आणि आठ वाजता गाडी हलते. मग एका पॉइंटवर थांबणे, कठड्याला टेकून छायाचित्रे, भाजलेले कणीस, आणि पुन्हा गाडी. रात्री घरी पोहोचेपर्यंत गाडी दोनशे किलोमीटर चाललेली असते, घरातील माणसे मात्र पाचशे पावलेही चाललेली नसतात. आजोबांना वंदना घाईत उरकल्याची रुखरुख राहते, मुलांना काहीच केले नाही असा कंटाळा येतो, आणि ज्याने दुकान बंद ठेवून दिवसभर गाडी चालवली त्याची पाठ भरून येते.

वास्तविक या घाटांचे खरे वैभव रस्त्यापासून अर्ध्यापाऊण तासाच्या चालीवर आहे. त्याला गिर्यारोहणाची साधने लागत नाहीत, की तरुण वयाची अट नाही. लागते ती एकच गोष्ट: एका दिवसात एकच ठिकाण घेण्याचा निश्चय. मुक्तागिरी आणि चिखलदरा एकाच दिवशी उरकण्याची जी रीत पडली आहे, तिने दोन्हींचे नुकसान होते.

रस्त्यांची थोडी माहिती आधी दिलेली बरी. अमरावतीहून परतवाडा सुमारे पन्नास किलोमीटर. परतवाड्याहून मुक्तागिरी चौदाएक किलोमीटर. चिखलदऱ्याला जाण्यास दोन वाटा आहेत. धामणगाव गढीवरून जाणारी वाट जवळची, तीसएक किलोमीटरची. घटांगवरून जाणारी लांबची, पण झाडीतून जाणारी. घटांगवरून सरळ पुढे गेलेला रस्ता सेमाडोह, हरिसाल, धारणी असा मेळघाटाच्या पोटातून बऱ्हाणपूर-खंडव्याच्या दिशेला निघतो. अकोल्याहून निघणाऱ्यांनी अकोट, अंजनगाव सुर्जी या मार्गाने परतवाडा गाठावे, किंवा अकोटवरूनच उजवी-डावी न करता शहानूरला, म्हणजे नरनाळ्याच्या पायथ्याशी जावे.

प्रथम मुक्तागिरी. हे सिद्धक्षेत्र मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात मोडते, पण तिथे जाणारा यात्रेकरू बहुतांशी वऱ्हाडच्या बाजूने येतो, आणि मनाने ते वऱ्हाडचेच आहे. डोंगराच्या घळीत, धबधब्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली ५२ मंदिरे आहेत. साडेतीन कोटी मुनी येथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा. ध्यानस्थ मुनींच्या समोर एक मेंढा वरून कोसळला, त्याच्या कानी मुनींनी णमोकार मंत्र सांगितला आणि तो देवगतीला गेला, ही कथा लहान मुलांनाही पाठ असते. मेंढागिरी हे जुने नाव त्यावरूनच सांगतात. अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमेला येथे केशराची वृष्टी होते असे भाविक मानतात.

चढउतार मिळून सुमारे ६०० पायऱ्या आहेत. हा आकडा ऐकून वयस्कर मंडळी बिचकतात आणि खालच्या मंदिरांतूनच हात जोडून परततात. तसे करण्याचे कारण नाही. पायऱ्या सलग नाहीत. दर थोड्या अंतराने मंदिर येते, दर्शन होते, बसणे होते, श्वास पूर्ववत होतो. दमछाक होते ती पायऱ्यांमुळे कमी, घाईमुळे अधिक. पुढे चिखलदरा गाठायचे आहे म्हणून जे कुटुंब दीड तासात वंदना आटोपते त्यातील आजी दमतात. ज्यांनी सकाळचे तीन तास राखून ठेवले आहेत त्यांच्यातील आजी शेवटच्या मंदिरापर्यंत जातात. चढताना बोलणे तुटक होऊ लागले की बसावे, आणि छातीत जडपणा वाटला तर मागे फिरावे, एवढा नियम पुरे. हृदयविकार किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि डोलीची चौकशी धर्मशाळेत पोहोचल्याबरोबर करावी. दुपारच्या उन्हात अर्ध्या वाटेवर ती आठवून उपयोग नसतो.

धबधबा पावसाळ्यात जोरात असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याची एक धार उरते, आणि ती पाहण्यास अधिक सुखद असते, कारण तिचा आवाज मंदिरातील पूजेवर मात करीत नाही. धबधब्यालगतच्या मंदिरांपाशी दगड कायम ओला असतो. तिथे मुलांचा हात सोडू नये. कड्याच्या खोबणींत मधमाश्यांची मोठी पोळी असू शकतात. पोळे दिसले की आवाज बंद करावा, धूर किंवा उग्र अत्तराचा फवारा तर मुळीच नको. आग्या मोहोळ उठले की माणसांना पळायला जागा नसते, आणि डिवचलेल्या माश्याही जिवास मुकतात. दोन्ही बाजूंनी हिंसाच होते.

या घळीची ख्याती वऱ्हाडपुरती नाही. भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसनने एकोणिसाव्या शतकात मुक्तागिरीची दखल घेतली, ती मंदिरांच्या शिल्पापेक्षा त्यांच्या जागेसाठी. आज दिसणारी बरीचशी मंदिरे तुलनेने अलीकडची, घुमटांची आणि कमानींची, मुसलमानी अमदानीतील बांधणीची छाप असलेली आहेत. डोंगरात कोरलेले मेंढागिरी मंदिर मात्र खूप जुने, आणि त्याच्यापुढे उभे राहिले की काळाचा अंदाज चुकू लागतो.

येथून जवळच असलेल्या अचलपूरची एक गोष्ट व्यापारी कुटुंबांनी मुलांना अवश्य सांगावी. दहाव्या शतकात हरिषेण नावाचा जैन कवी मेवाडातील चित्तोड सोडून अचलपुराला आला, आणि इथे त्याने अपभ्रंश भाषेत ‘धम्मपरिक्खा’ हा ग्रंथ रचला. रचनेचे साल विक्रम संवत १०४४, म्हणजे इसवी सन ९८८ च्या सुमाराचे. आपण स्वतःच्या कामासाठी या गावी आलो आणि हे गाव जिनमंदिरांनी भरलेले आहे, असे तो सांगतो. काम कोणते ते त्याने सांगितलेले नाही. राजस्थानातून कामधंद्यासाठी वऱ्हाडात आलेल्या आजच्या अनेक घराण्यांना हा हजार वर्षांपूर्वीचा प्रवासी परका वाटणार नाही. मुक्तागिरीच्या वरच्या मंदिरांपाशी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की ज्या मैदानात तो आला तेच मैदान समोर पसरलेले असते.

येथे एक भेद पाळला पाहिजे. तीर्थ हे सहलीचे ठिकाण नव्हे, अशी तक्रार ज्येष्ठ मंडळी करतात, आणि ती रास्त आहे. धबधब्याखाली भिजण्यासाठी, नाचगाण्याच्या चित्रफिती काढण्यासाठी येणारी गर्दी क्षेत्राचे पावित्र्य बिघडवते. पण घरच्या नातवंडांना तीन तास पायऱ्या चढवून, मंदिरामागून मंदिर दाखवत नेणे ही वंदनाच आहे. त्यातून पायांना सवय झाली, झाडे ओळखता आली, तर त्यात वंदनेला बाधा येण्याजोगे काही नाही. साग, मोह, तेंदू, बेहडा, आवळा ही झाडे या वाटांवर भेटतात. बेहडा आणि आवळा त्रिफळा चूर्णात घरोघर असतात, पण झाडावर पाहिलेला मुलगा वर्गात क्वचितच सापडेल.

चिखलदऱ्याचा दिवस वेगळा ठेवावा. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्यामुळे खालच्या मैदानापेक्षा हवा बरीच थंड असते. १८२३ साली हैदराबाद संस्थानच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने हे ठिकाण पाहिले आणि पुढे इंग्रजांनी ते थंड हवेचे ठाणे म्हणून वाढवले. महाराष्ट्रात कॉफीची लागवड होते ती इथे. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले म्हणून कीचकदरा, त्यावरून चिखलदरा, अशी नावाची कथा सांगतात. भीमकुंड हे त्याच कथेचे स्थळ.

गाडीने पॉइंट मोजत फिरण्याऐवजी येथे दोनच गोष्टी कराव्यात. पहिली, देवी पॉइंट. गाडी वर सोडून थोड्या पायऱ्या उतरले की खडकाच्या पोटात देवीचे स्थान आहे. छतातून वर्षभर पाणी झिरपते. चंद्रभागा नदीचा उगम येथे मानतात. हीच नदी पुढे मैदानात उतरून पूर्णेला मिळते. नकाशावर हा प्रवाह मुलांना दाखवावा. मेळघाटच्या उत्तरेकडच्या नद्या, सिपना, खापरा, खंडू, गाडगा, डोलार, तापीला जातात; चंद्रभागा दक्षिणेला उतरून पूर्णेत मिसळते, आणि पूर्णा शेवटी तापीतच जाते. डोंगराच्या दोन उतारांवर पडलेले पाणी अखेर एकाच नदीत एकत्र येते, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा येथे उभे राहून चटकन कळते. पंचबोल पॉइंटला हाक दिली की प्रतिध्वनी परतून येतात. मुलांना ते आवडते; पण एक-दोन हाका पुरेत, कारण पुढच्या कुटुंबालाही दरीची शांतता हवी असते.

दुसरी गोष्ट गाविलगड, आणि त्याला अर्धा दिवस द्यावा. चिखलदरा गावापासून किल्ल्याचा दरवाजा दोनेक किलोमीटरवर आहे. चढ फारसा नाही; गाव आणि किल्ला एका खिंडीने जोडलेले आहेत. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून आत जावे, आणि स्थानिक वाटाड्या मिळाल्यास अवश्य घ्यावा. त्याचे पैसे वाचवण्यात काही शहाणपण नाही. किल्ला अफाट आहे, आतील गवत माणसाच्या खांद्यापर्यंत वाढते, अस्वलांचा वावर असतो, आणि तलावांकडे जाणाऱ्या वाटा सर्व सारख्या दिसतात. दरवाजापासून आत एक किलोमीटरच्या टापूत तटबंदी, तोफा, तलाव, मोठ्या मशिदीचे अवशेष असे बरेच पाहून होते. चार-पाच वर्षांचे मूल आणि सत्तरीचे आजोबा एकाच गतीने चालतील अशी ही चाल आहे.

दरवाज्यावरचे एक शिल्प पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन तोंडांचा एक पक्षी हत्तींना पंजात धरून उभा आहे. हा गंडभेरुंड वऱ्हाडच्या इमादशाहीशी जोडला जातो. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात किल्ला बांधला किंवा पक्का केला, आणि त्याच शतकाच्या अखेरीस फत्तेउल्ला इमादउल्मुल्कने त्याची डागडुजी केली. त्याची राजधानी एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर.

रस्त्याच्या संदर्भात या किल्ल्याचा सर्वांत बोलका प्रसंग १८०३ चा आहे. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावला नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव झाला आणि उरलेले सैन्य गाविलगडावर आले. पुढे वॉटर्लूमुळे जगप्रसिद्ध झालेला आर्थर वेल्स्ली दक्षिणेच्या बाजूला राहिला. किल्ल्याला उत्तरेकडून भिडणे सोपे होते, पण तिकडे तोफा न्यायला रस्ताच नव्हता. कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने डोंगर आणि ओढे ओलांडत, रस्ता स्वतः तयार करीत, जड तोफा हातांनी ओढत नेल्या. अंतर सुमारे तीस मैल, आणि त्याला डिसेंबरचे अनेक दिवस लागले. १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्यात वऱ्हाडचा मोठा प्रदेश गेला, परंतु गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले भोसल्यांकडे ठेवण्यात आले. आज ज्या घाटात गाडी पाऊण तासात चढते त्या घाटाची किंमत या हकिगतीवरून लक्षात येते. मुलांना ती तटावर बसवून सांगावी. गाडीत सांगितलेली गोष्ट पुढच्या वळणावर विसरते.

अकोल्याच्या कुटुंबांना परतवाड्यापर्यंतही जाण्याची गरज नाही. अकोल्याहून अकोट, अकोटहून शहानूर, असा साठ-पासष्ट किलोमीटरचा प्रवास करून नरनाळ्याचा पायथा गाठता येतो. हा किल्ला अभयारण्यात आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे प्रवेश, वाहन, वाटाड्या आणि परतण्याची वेळ यांविषयी त्या दिवशी नाक्यावर जे सांगतील ते प्रमाण. ठरावीक भागापर्यंत वाहनाने जाऊन उरलेले चालणे हा कुटुंबासाठी सोयीचा मार्ग आहे. महाकाली दरवाजा या गडाचे भूषण. १४८७ सालचा हा दरवाजा, त्यावरील कोरीव अक्षरे, दोन्ही बाजूंचे सज्जे, आणि भोवताली नुसते जंगल. एखाद्या मोठ्या शहरात तो असता तर त्याच्यापुढे तिकिटाची रांग लागली असती. वर शक्कर तलाव, राणी महाल, तेल-तुपाची टाकी आणि नवगजी तोफ पाहून दोन-अडीच तासांत परतता येते. तेल आणि तूप साठवण्यासाठी बांधलेली ती टाकी किराणा व्यापाऱ्यांच्या मुलांनी विशेष लक्ष देऊन पाहावी. किल्ला लढतो तो धान्याच्या आणि तेलाच्या साठ्यावर, हे त्यांना कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

सेमाडोह आणि कोलकासच्या रस्त्याबद्दल दोन शब्द पुरे. सिपना नदीचा तो परिसर अतिशय रमणीय आहे, पण तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता. तिथे मनाला येईल तिथे गाडी थांबवून उतरणे, ओढ्याकाठी डबा उघडणे, मुलांना झाडीत सोडणे यांस मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तो रस्ता गाडीतून किंवा वनविभागाच्या सफारीतून पाहण्याचा. पायी चालण्यासाठी वर सांगितलेली ठिकाणेच घ्यावीत.

आता ऋतू. पावसाळ्यात मेळघाट सर्वाधिक देखणा असतो यात वाद नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याच्या घाटात सुटीच्या दिवशी वाहनांची रांग लागते ती त्यामुळेच. परंतु साधुसाध्वी ज्या कारणाने चातुर्मासात विहार थांबवून एका गावी स्थिर होतात ते कारण या पायवाटांना शब्दशः लागू पडते. वाट हिरवळीने आणि शेवाळाने झाकलेली असते. पावलागणिक गांडुळे, गोगलगायी, अळ्या, बेडकांची पिल्ले असतात. कितीही जपून चालले तरी जीवहानी टळत नाही. शिवाय शेवाळलेला बेसाल्ट साबणासारखा निसरडा होतो आणि धुक्यात कड्याची कड दिसत नाही. धर्माची आज्ञा आणि व्यवहाराची सावधगिरी येथे एकाच बाजूला उभ्या आहेत. ज्यांना पावसाळ्यात जायचेच आहे त्यांनी डांबरी रस्ता आणि बांधीव पायऱ्या सोडू नयेत.

कार्तिकी पौर्णिमेनंतर साधूंचा विहार सुरू होतो. गृहस्थांच्या पायवाटाही तेव्हाच उघडतात असे समजावे. जमीन कोरडी होते, गवत पिवळे पडते, वाट दिसू लागते. अडचण एवढीच की कापूस आणि सोयाबीनचा हंगामही तोच. बाजार समितीत आवक वाढलेली, दिवाळीनंतरची उधारी वसूल करायची, पुढे लग्नसराई. व्यापाऱ्याला दोन दिवस सलग मिळणे कठीण. म्हणूनच अर्ध्या दिवसाच्या या चाली त्याच्या सोयीच्या आहेत. हंगामाच्या भरात एखादा साप्ताहिक सुटीचा दिवस काढला तरी भागते, आणि मोकळेपणा हवा असेल तर फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्याच्या सुटीत जायचे झाले तर सकाळी नऊच्या आत चालणे संपवावे. मे महिन्यात वर हवा थंड असली तरी किल्ल्यावर सावली नाही.

वेळेच्या बाबतीत चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांची एक सोय आपोआप होते. डिसेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्यास्त पावणेसहाच्या आधीच होतो. फेब्रुवारीच्या मध्यावर सव्वासहाच्या सुमारास. त्याआधी जेवण व्हायचे म्हणजे चिखलदरा किंवा मुक्तागिरी साडेतीनच्या सुमारास सोडावे लागते. वनविभागालाही हेच हवे असते. संध्याकाळी वन्यप्राणी बाहेर पडतात, घाटातली वळणे अंधारात धोक्याची होतात, किल्ल्याचा दरवाजा बंद होतो. रात्रिभोजनाचा त्याग करणाऱ्यांना सहलीत अडचण होते असे तरुण मंडळी म्हणतात. या डोंगरापुरते तरी ते खरे नाही. उलट अंधारात घाट उतरणाऱ्या वाहनांमध्ये ती कुटुंबे कधी नसतात. पहाटे सहाला निघणे मात्र त्यासाठी आवश्यक आहे, आणि येथे मुलांपेक्षा मोठ्यांचीच आळसाशी तडजोड आडवी येते.

डबा घरचाच असावा. घाटातील हॉटेलांत कांदा-लसणाशिवाय काही मागितले की चहा आणि बिस्किटे पुढे येतात. दशम्या, तिखट पुऱ्या, खाखरे, कोरडी भेळ, गूळ-शेंगदाणे आणि उकळून गार केलेले पाणी एवढे बरोबर असले की कशाचेच अडत नाही. मुक्तागिरीला क्षेत्राच्या भोजनशाळेत आधी सांगून ठेवावे. चिखलदऱ्यात गवळी समाजाच्या जनावरांमुळे खवा आणि रबडी चांगली मिळते. मोथा आणि आमझरीच्या बाजूला हिवाळ्यात शेतकऱ्यांनी लावलेल्या स्ट्रॉबेरी विकायला येतात, त्या घ्याव्यात, म्हणजे चार पैसे डोंगरावरच्या माणसाच्या हाती जातील. रस्तोरस्ती मेळघाटचा मधही मांडलेला असतो. तो आपल्या घरात वर्ज्य का, हे मुले तिथेच विचारतात, आणि गडावर पोळे पाहून आलेल्या मुलाला उत्तर लवकर पटते.

शेवटी एका सवयीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण ती आपल्याच समाजात जीवदयेच्या नावाने रूढ झाली आहे. घाटाच्या वळणांवर वानरे आणि माकडे बसलेली असतात. गाडी थांबते, काच खाली होते, आणि मुलांच्या हातून केळी, बिस्किटे, फुटाणे फेकले जातात. पुण्य घडले असे वाटते. प्रत्यक्षात काय घडते ते घाटात रोज ये-जा करणाऱ्या कोणत्याही चालकाला विचारावे. रस्त्यावर अन्न मिळते हे एकदा कळले की टोळी झाडावरून उतरून डांबरावर येऊन बसते. पिल्ले मागोमाग येतात. पुढच्या वळणावरून ट्रक किंवा बस येते. चिरडलेले पिल्लू पाहण्यास केळी देणारी गाडी तिथे नसते. जी वाचतात ती लोकांच्या हातातल्या पिशव्या ओढू लागतात, मुलांना चावतात, आणि मग त्यांना पकडण्यासाठी पिंजरे लागतात. वनविभागाची मनाई आहे ती यासाठी. त्याच पैशांचा चारा गावाजवळच्या गोशाळेत दिला तर जनावराच्या पोटात जातो. सर्वांनी मिळून एका वर्षापुरती जरी काच बंद ठेवली तरी त्या टोळ्या पुन्हा मोहाच्या आणि उंबराच्या झाडांकडे वळतील. जंगलात त्यांना अन्नाची कमतरता नाही.

ईर्यासमितीचा अर्थ मुलांना व्याख्यानात कळत नाही, पायवाटेवर कळतो. पुढची चार हात जमीन पाहत चालावे, पायाखाली जीव येऊ नये, हा साधूंचा नियम मुलांना खेळासारखा द्यावा. मुंग्यांची रांग, कोळ्याचे जाळे, वाळूतले पावलांचे ठसे, कातिणीचे घर, हे सर्व जो आधी दाखवील तो पुढे चालेल. दहा मिनिटांत मोबाइल खिशात जातो. ठेच लागण्याचे प्रमाणही कमी होते, हा त्याचा वेगळा लाभ. सापांचा धोका अशा चालण्याने बराच टळतो. बंद बूट घालावेत, आणि गवतात किंवा दगडाच्या फटीत हात घालू नये.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने मुक्तागिरीपासून आरंभ करावा. सकाळी सहाला अमरावती सोडली की साडेसातपर्यंत पायथा येतो. उन्हापूर्वी निम्मी मंदिरे होतात. अकराच्या सुमारास खाली उतरावे, भोजन करावे, धर्मशाळेत आजोबांना तासभर पाठ टेकू द्यावी, आणि परतीच्या वाटेवर अचलपूरच्या मंदिरांत दर्शन घ्यावे. अकोल्याच्या मंडळींनी याच हिशेबाने पहाटे पाचला निघावे. दोन्हीकडची कुटुंबे दिवे लागण्याच्या आत घरी येतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान वेळेवर उघडते.